उजवीकडचा दिवा

पनवेलच्या एस.टी. स्टँडसमोर माझं बोर्ड रंगवायचं दुकान. अक्षराला उजवीकडून काळी शेड दिली की ते उठून दिसतं, एवढीच आपली विद्या. पण ब्याण्णव साली रद्दीत कुणा जुन्या विलायती चित्रकाराच्या चित्राचं पान सापडलं आणि माझं डोकंच फिरलं. एक म्हातारा. डावीकडून उजेड, उजवी बाजू पार अंधारात, तरी तिथं गाल आहे हे कळतं! चार महिने तेच चित्र उतरवत बसलो. दरवेळी म्हाताऱ्याच्या तोंडाला काजळी फासल्यासारखं व्हायचं. काळा कमी करू की वाढवू, काही म्हणजे काही कळेना.

अशात रंभामावशी आली. उरणची, बाजारात मासळी विकणारी. तिचा नवरा अनंता वारला होता. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला चित्र हवं होतं. फोटो एकच, नखाएवढा.

"दुसरा नाय रं. नीट काढ. नातवंडं आता ह्योच आजा बगतील."

म्हटलं, आली संधी! विलायती म्हाताऱ्यासारखाच डावीकडून उजेड टाकला. पहिल्यांदाच सावली काजळी वाटली नाही. खोटं कशाला बोलू, स्वतःवरच खूश झालो.

मावशीनं चित्र जवळ घेऊन बघितलं. मग म्हणाली, "ह्यो कोन?"

"अहो, अनंताकाका!" मला रागच आला. "मोठे चित्रकार असंच काढतात."

"काढत आसतील. हसला का त्याचा ह्यो डोळा मिटायचा." तिनं अंधारावर बोट ठेवलं. "आनि उजेड तिकडून कसा? सांजचा जाळं विनायला बसायचा, तवा मी ह्या अंगाला दिवा धरायची. चाळीस वरसं."

मी दुकानातल्या बोर्डांकडे बघितलं. अक्षराची शेड उजवीकडे, म्हणून माणसाचीही उजवीकडे! तो उजेड नेमका कशाचा, कुठल्या दिव्याचा, हे चार महिन्यांत एकदाही मनात आलं नव्हतं.

चित्रासाठी प्लायचा नवा तुकडा लावला. "बसा मावशी. कुठं धरायचा दिवा?"

तिनं रिकामी मूठ उचलली, चित्राच्या उजव्या अंगाला. मी त्या मुठीकडे बघून रंगवत राहिलो. मिटलेला डोळा उजेडात आला.

"हात दुखला तर खाली घ्या."

"तवा कुठं घ्यायची?"

चित्र तिनं छातीशी धरून नेलं. विलायती म्हातारा अजून माझ्या भिंतीवर आहे, आणि आता तर तो बघितला की आणखीच गोंधळायला होतं. याला दिवा कोणी धरला असेल?