तीन उन्हांचा चारा

त्या मंगळवारी मारुतीच्या पारापुढं सारी करंजवाडी लोटली होती. पोखर्णीकडून दोन जीपा भरून आल्या होत्या, लिंबावर पोरं चढली होती, आणि जिकडं बघावं तिकडं वर धरलेले मोबाइल. चैत्राचं ऊन टाळूला लागत होतं, पण सावलीला कुणी सरकत नव्हतं. सरकलं तर दिसलं नसतं.

पारावर महारुद्रबाबा बसले होते. भगवी कफनी, गळ्यात कवड्या, कानाला अडकवलेला माइक. मागं झेंडा, आणि झेंड्याखाली त्यांची पांढरी गाय गौरी, शिंगांना रेशमी गोंडे बांधलेली. पुढ्यात ज्वारीच्या चाऱ्याच्या दोन पेंढ्या होत्या. एक वाळलेली, एक हिरवीगार.

"माउल्यांनो, ह्या दोन्ही पेंढ्या कुणाच्या रानातल्या?"

"दगडाबाईच्या," गर्दीतून आवाज आला.

"ही वाळलेली पेंढी तीन सूर्य माझ्या झेंड्याखाली तप करून उठलीय. पहिला सूर्य पाप खातो, दुसरा शाप खातो, तिसरा ताप खातो."

हे गेल्या आठ दिवसांत इतक्यांदा ऐकलं होतं की पुढं बसलेल्या बाया बाबांच्या बरोबरीनं म्हणत होत्या. रोज एवढं खाऊन त्या सूर्यांची पोटं कशी बिघडत नाहीत, हे कुणाच्या मनात आलं नाही.

सरपंच आबासाहेबांची गाय पुढं आणली. तिनं वाळली पेंढी मटामटा खाल्ली, शेपटीनं माश्या हाकल्या आणि उभी राहिली. घटका गेली. गाय उभीच. टाळ्या पडल्या.

"आता ही हिरवी. आत्ता कापून आणलेली. हिच्यावर त्या बाईची नजर अजून तशीच ओली हाय. ज्याच्या हातात इख त्यानंच घालायचं. आणा तिला."

दगडाबाईला दोन्ही दंडांना धरून आणलं. साठी ओलांडलेली विधवा, मूल नाही, बोलणं कमी. तिच्यामागं गोपाळ नावाचा तरणा गडी तिची चांदी गाय दाव्यानं ओढत आणत होता. गोपाळचा बैल होळीनंतर चौथ्या दिवशी दगडाबाईच्या रानात चरताना पडला होता. तसली सात जनावरं पडली होती, आणि सातही तिच्याच रानात. शेजारी आबासाहेबांच्या काळ्या रानात चरणारी जनावरं मात्र पोट भरून घरी येत. मग गावानं ठरवलं ते ठरवलं. बाई बघते फार, असं बायका आधीपासून म्हणतच होत्या.

गर्दीच्या कडेला अनसूयाबाई उभ्या होत्या. गावच्या शाळेत चौथीला शिकवायच्या. त्यांचा नेम होता: सकाळी पूजा झाली की पहिली भाकरी गाईला, मग स्वतःच्या तोंडात घास. एकोणीस वर्षांत एकदा चुकला नव्हता. त्यातली अकरा वर्षं ती भाकरी चांदीनं खाल्ली होती. गेले पाच दिवस मात्र अनसूयाबाई आबासाहेबांच्या गोठ्याकडं वळत होत्या. तसं करा, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ती वाट जवळची पडते, असं त्यांनी स्वतःलाच सांगितलं होतं.

"घाल," बाबा म्हणाले.

दगडाबाईनं हात मागं घेतला. "बाबा, ही माझं एकच जनावर हाय."

"मंग भ्यायलीस कशाला? तुझ्या मनात काळं नसंल तर ती जगंल."

गोपाळनं चांदीचं तोंड पेंढीकडं दाबलं. दगडाबाईचा हात कुणीतरी धरून पुढं केला. चांदीनं मालकिणीचा हात ओळखला, हुंगला आणि चारा ओढला. महिनाभर वाळल्या कडब्यावर काढलेलं जनावर ते, हिरवं सोडतंय कशाला.

पाच-सात मिनिटं काही झालं नाही. मग चांदीचा श्वास वाढला. तोंडाला फेस आला. मागचे पाय फाकले, ती एका अंगावर पडली, पाय झाडू लागली. बाबा खाली उतरले, त्यांनी तिचा ओठ उलटा करून लोकांना दाखवला. हिरड्या लालभडक झाल्या होत्या.

"बघा. रगात कसं वर आलंय. नजरेनं रगात पिलं हिनं."

मोबाइल पुढं सरकले. दगडाबाई गाईच्या डोक्याशी बसली आणि तिच्या मानेवरून हात फिरवत राहिली. चांदीचे डोळे उघडेच होते. कुणीतरी मागून म्हणालं, "हात काढ की आता, मेली ती." त्यावर दोघं-तिघं हसले.

अनसूयाबाईंच्याही हातात फोन होता. तो त्यांनी कुणाला लावला नाही.

बाबांनी निवाडा दिला. शनिवारी दगडाबाईनं रस्त्याकडेचं दोन एकर रान बाबांच्या मठाच्या नावे लिहून द्यायचं आणि गाव सोडायचं. न्हाई तर पुढचा बळी माणसाचा. आबासाहेब कागद तयार करायला लागले. बाबांनी उरलेला वाळला चारा गोळा केला, एका हातानं पेंढी आवळली, आणि दुसरा हात न लावताच गाठ मारून ती बाजूला टाकली.

ती गाठ अनसूयाबाईंच्या डोळ्यांत राहिली.

घरी येताना चतुराबाईच्या ओट्याशी त्यांचे पाय थांबले. म्हातारीला नीट दिसत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं.

"मेली का गं चांदी?"

"मेली."

"किराळ लागली आसंल. पहिल्या दिवसापासून बोंबलायलेय मी, किराळ हाय, किराळ हाय. सूनबाई म्हणती, म्हातारी चळली."

"किराळ म्हणजे काय, आजी?"

"कापल्या ज्वारीचं धसकट फुटलं, आन् वरून ऊन लागून ते खुरटलं, की त्यात किराळ धरती, इखच ते. आमचा बाप वैशाखापोतूर जनावर सोडत नव्हता धसकटात. आता कुणाच्या दारात पहिल्यावानी जनावरं राहिलीत, तवा ह्यो शबूद कुणाला ठाव आसंल?"

"आणि वाळवून घातलं तर?"

"वाळल्यावर जाती की. कडबा काय आमी झेंड्याखाली वाळवतो व्हय?"

अनसूयाबाईंना आठवलं, मागच्या आठवड्यात दोन दिवस आभाळ आलं होतं, तेव्हा बाबांनी परीक्षा पुढं ढकलली होती. सूर्यनारायण रुसलेत म्हणाले होते. मंत्र बाबांचा, मग त्याला ऊन कशाला लागतं? हा प्रश्न त्यांना तेव्हा पडायला हवा होता. चौथीतल्या एखाद्या पोरीनं विचारला असता.

त्याच संध्याकाळी त्यांनी विळा घेतला आणि दगडाबाईच्या रानातले फुटवे कापून आणले. वीतभर उंचीचे, कडा करपलेले. ते शाळेच्या गच्चीवर पसरले. झेंडा लावला नाही, शेजारी टॉवेल वाळत घातले होते. एक पिशवी भरून बुधवारी सकाळच्या एसटीनं त्या परभणीला गेल्या.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर शुभदा होत्या. त्यांनी चारा कुटला, छोट्या बाटलीत घातला, औषधाचे चार थेंब टाकले आणि बुचाला एक पिवळ्या कागदाची पट्टी अडकवून बाटली कोमट पाण्यात ठेवली. चहा येईपर्यंत पट्टी विटकरी लाल झाली होती.

"सायनाइड," डॉक्टर म्हणाल्या. "फाल्गुनात तुमच्याकडं अवकाळी पाऊस झाला ना? त्या ओलीवर धसकटं फुटली. मग ऊन तापलं. बरड, मुरमाड रानातली ओल चार दिवसांत संपते. फुटवा वाढत नाही, खुरटतो, आणि त्यात हे विष साठतं. काळ्या भारी रानात ओल टिकते, फुटवा भराभर मांडीपर्यंत जातो, विष कमी होत जातं."

"म्हणून आबासाहेबांच्या रानात काही झालं नाही."

"त्यांच्या रानात माती खोल आहे. एवढंच."

"हिरड्या लाल झाल्या होत्या."

"रक्तात प्राणवायू असतो, पण विषामुळं शरीराला तो घेता येत नाही. म्हणून रक्त लालच राहतं. जनावर श्वास घेत घेत गुदमरतं." डॉक्टरांनी बाटली बाजूला ठेवली. "यावर इंजेक्शन असतं. लगेच फोन आला असता तर आमचा पोखर्णीचा माणूस वीस मिनिटांत पोचला असता. काही वाचतात."

अनसूयाबाईंनी चहा घेतला नाही.

शनिवारी पारावर मंगळवारपेक्षा जास्त गर्दी होती. दगडाबाई खाली मान घालून बसली होती, तिचा अंगठा शाईत बुडवायची तयारी झाली होती. अनसूयाबाई डॉक्टरांना घेऊन आल्या आणि त्यांनी पारावर दोन पेंढ्या ठेवल्या.

"बाबा, माझ्यापण दोन पेंढ्या आहेत. दगडामावशींच्याच रानातल्या. ही हिरवी आज सकाळी कापली. तुमचा झेंडा हिच्यावर ठेवा, मंत्र म्हणा, अंगारा टाका. पाप, शाप, ताप, सगळं खाऊन टाका. मग तुमच्या गौरीला घाला."

गर्दीत कुणीतरी खिदळलं. बाबांनी माइक नीट केला.

"मास्तरीणबाई, पोरांना पाढे शिकवा. तीन सूर्य झाल्याबिगर शक्ती उतरत न्हाई."

"मग काम शक्ती करते का सूर्य?"

"दोन्ही."

"बरं. ही दुसरी शाळेच्या गच्चीवर वाळलीय. तीन उन्हं, एकही मंत्र नाही. झेंडा नव्हता. टॉवेल होते."

डॉक्टरांनी तीन बाटल्या मांडल्या. एकीत बरड रानातला हिरवा चारा, एकीत तोच वाळलेला, एकीत आबासाहेबांच्या काळ्या रानातला. बुचांना पिवळ्या पट्ट्या. बाटल्या उन्हात ठेवल्या आणि सगळे वाट बघू लागले. दहा मिनिटांत पहिल्या बाटलीतली पट्टी तांबडी होत गेली. बाकीच्या दोन जवळजवळ पिवळ्याच राहिल्या.

"हळदीचं कुंकू झालं गं बया," पुढच्या बाईनं हात जोडले. मागच्या बायांनीही जोडले. एकीनं केसातलं फूल काढून बाटलीपुढं ठेवलं.

"हात जोडू नका," अनसूयाबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हळू होता, म्हणून लोकांना गप्प व्हावं लागलं. "मीही रोज देवापुढं हात जोडते. हा देव नाही, हा विषाचा रंग आहे. या तिन्ही बाटल्यांत तुमच्याच मातीतला चारा आहे. एका मातीत ओल टिकली, एका मातीत टिकली नाही. बाईच्या नजरेचा यात कुठं संबंध आला ते मला दाखवा."

त्यांनी वाळली पेंढी पाराशी आणून बांधलेल्या चतुराबाईच्या गाईला घातली. गाय रवंथ करत उभी राहिली.

"आणि बाबा, तुम्हाला हे माहीत होतं. मंगळवारी तुम्ही एका हातानं पेंढी बांधली. ती गाठ रोज शेकडो पेंढ्या बांधणाऱ्या कडब्याच्या व्यापाऱ्यालाच येते."

"येलदरीकडं गाड्या घेऊन फिरायचा ह्यो," चतुराबाई सुनेचा हात धरून उभी होती, ती म्हणाली. "आवाज ऐकून मला वाटायलाच लागलं व्हतं. बारा वर्षांमागं आमच्याच दारात कडबा इकलाय यानं. तवा महारुद्र शेठ व्हता."

बाबांनी माइक काढला. माइकशिवाय त्यांचा आवाज अगदी लहान होता.

"मी कुठं कुणाला मारलंय? चारा तुमी घातला. दावं तुमीच ओढलं."

हे खरं होतं, आणि ते कुणाला सोसलं नाही. गोपाळ पारावर चढला. त्यानं हिरवी पेंढी उचलून बाबांच्या तोंडात कोंबली, दोघांनी बाबांचे हात धरले, आणखी दोघं गौरीला पेंढीकडं ओढायला लागले. मोबाइल पुन्हा वर झाले. गर्दीतून आवाज आला, "घाला, घाला, बघू तर."

अनसूयाबाई गाईच्या आणि चाऱ्याच्या मधे उभ्या राहिल्या.

"गोपाळ, मंगळवारी पण दावं तुझ्याच हातात होतं."

गोपाळचा हात सैल पडला. बाबा चारा थुंकत राहिले. डॉक्टरांनी फोन करून बोलावलेले पोलीस जादूटोणाविरोधी कायद्याखाली त्यांना घेऊन गेले, तेव्हा आबासाहेब कागद खिशात घालून सर्वांत आधी घरी गेले होते. दगडाबाईकडं जाऊन चुकलं असं म्हणणारं त्या गर्दीत कुणी निघालं नाही.

रविवारी सकाळी अनसूयाबाई पहिली भाकरी घेऊन दगडाबाईच्या दारात गेल्या. खुंटा होता, दावं होतं.

"कुणाला आणलीत?" दगडाबाई म्हणाली. "गाय न्हाई आता."

"मावशी, माझं चुकलं."

"बाई, चाऱ्यात इख हाय हे तुमाला तवा ठाव व्हतं का?"

"नव्हतं."

"मला बी नव्हतं. पन मला त्यांनी तोंड उघडू दिलं न्हाई. तुमाला कुणी धरलं नव्हतं."

अनसूयाबाईंनी भाकरी पदरात गुंडाळली. त्या उंबऱ्याशी टेकल्या. मग दगडाबाईनंच विचारलं, "शाळेपुढच्या फळ्यावर कायतर लिवलंय म्हणं तुमी. काय हाय त्यात?"

"ज्वारीचा फुटवा कमरेएवढा झाल्याशिवाय जनावर धसकटात सोडू नका. अवकाळीनंतर ऊन पडलं तर बरड रान आधी तपासा. चारा तीन-चार कडक उन्हं वाळवून घाला, झेंडा लागत नाही. जनावर थरथरलं तर लगेच दवाखान्यात फोन करा. आणि कुणी चमत्कार दाखवला तर त्याला विचारा, कसा केला."

"चांदीचं लिवलं का?"

"नाही."

"ते लिवा."

त्या दिवशी अनसूयाबाईंचा नेम एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मोडला. भाकरी तशीच राहिली, त्याही उपाशीच राहिल्या. दुपारी खडू घेऊन त्या शाळेपुढं गेल्या आणि फळ्याच्या तळाला मोठ्या अक्षरात लिहून आल्या: चांदी नावाची गाय मंगळवारी आपल्या सगळ्यांसमोर मेली. पारापुढं तीनशे माणसं उभी होती, मीही होते. एकानंही विचारलं नाही. तुम्ही विचारा.