दुसरी फाईल

"गोळी चुकवता का हो ताई?" रिपोर्टवरची नजर न उचलता डॉक्टरांनी विचारलं.

"एक दिवस नाही. उठल्या उठल्या, उपाशीपोटी. वर तासभर चहासुद्धा नाही."

"मग जाते कुठे ती? दोन वर्षांत तीनदा डोस वाढवला, थायरॉइड आहे तिथेच." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "दुसरी काही औषधं चालू आहेत?"

"नाही."

हे 'नाही' ती चौथ्यांदा म्हणत होती. दर वेळी ते अधिक सहज निघे, आणि तिला त्याचीच भीती वाटे.

दवाखाना बाइंडिंगच्या कारखान्याचा होता. इथली प्रत्येक फाईल ऑफिसच्या कपाटात जाई. कारखान्याचा नियम साधा होता: फिट येणाऱ्याला मशीनवर उभं करायचं नाही. नियम चुकीचा आहे असं तिलाही कधी वाटलं नव्हतं. पण शेवटची फिट येऊन अकरा वर्षं झाली होती, आणि कटिंग मशीनवर तिच्याइतकी सरळ रेघ दुसऱ्या कुणाची येत नव्हती. वह्यांचा वीतभर गठ्ठा पात्याखाली सरकवायचा, पायाने पट्टी दाबायची, की कडा लोण्यासारख्या सुटत. सगळे तिला कटरताईच म्हणत.

फिटचे डॉक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला होते. त्यांची फाईल घरी, कपड्यांच्या घड्यांखाली.

इकडे अंग मात्र ऐकेना. भर उन्हात हुडहुडी भरे. जिना चढताना पायांत शिसं ओतल्यासारखं वाटे. आवाज घोगरा झाला होता. शेजारच्या टेबलावर पुठ्ठे चिकटवणारी डिंकी म्हणायची, "ताई, तुमची हाक ऐकून मला वाटलं मालकच आले. घास तसाच गिळला ना मी!"

त्या दिवशी औषधाच्या दुकानातल्या काकांनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या. "दोन्ही तुम्हीच घेता? मी समजत होतो, एक घरातल्या कुणाची तरी."

"का हो काका?"

"ही फिटची गोळी थायरॉइडच्या गोळीला अंगात टिकू देत नाही. लवकर संपवून टाकते. मग डोस पुरत नाही. दोन्ही डॉक्टरांना सांगा, ते बसवून देतील. आणि हे बघा, मनाने काही कमी करायचं नाही."

पहिली वाक्यं ती घरी घेऊन आली. शेवटचं दुकानाच्या पायरीवरच राहिलं.

"सांगून टाक की," नवरा म्हणाला. "फार तर मशीन जाईल."

"फार तर?"

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि पेपर पुन्हा उघडला.

दुसऱ्या दिवशी तिने फिटची गोळी हातात घेतली. मधोमध रेघ होतीच. कापल्यासारखी सरळ मोडली. अकरा वर्षं व्रत सांभाळावं तशी नेमाने घेतलेली गोळी. अर्धी घेतली, अर्धी डबीत टाकली.

तिसऱ्या दिवशी तिला हलकं वाटलं. खरंच वाटलं की तिने वाटून घेतलं, देव जाणे. पाचव्या दिवशी हातातली कपबशी उगाच एकदा खणकली. तिने ती खाली ठेवली, नवऱ्याकडे पाहिलं नाही. डबीत अर्धुकं वाढत गेली.

नवव्या दिवशी, अकराच्या सुमाराला, गठ्ठा पात्याखाली ठेवताना जिभेवर लोखंडाची चव आली.

अकरा वर्षांनीसुद्धा तिने ती लगेच ओळखली.

अर्धा मिनिट, फार तर. मोरी दहा पावलांवर होती, आतून कडी होती. कुणाला कळलंही नसतं. तिने पाय पट्टीवरून काढला आणि चालू लागली. तीन पावलं झाल्यावर मागून डिंकीचा आवाज आला, "जा तुम्ही ताई, मी लावते गठ्ठा सरळ!"

ती वळली. डिंकीचे दोन्ही हात पात्याखाली होते, आणि पुढे वाकताना तिचा पाय पट्टीच्या दिशेने सरकत होता. मशीन चालूच होतं.

एरवी ते बंद करायला ती कधीच विसरत नसे.

ती परत फिरली. मेन स्विच खाली ओढला. मशीनची घरघर थांबली तशी सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"मला फिट येतेय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, मग डिंकीकडे वळली. "कुशीवर वळव मला. तोंडात काही घालू नकोस." आणि स्वतःच, जागा बघून, जमिनीवर बसली.

जाग आली तेव्हा डोक्याखाली कागदाच्या कातरणांचा ढीग होता. डिंकी तिचा हात धरून रडत होती. मालक शेजारी उभे होते.

दुपारी नवऱ्याने फाईल आणून डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली, तिकडच्या डॉक्टरांना फोन केला, फिटची गोळी पूर्ववत करायला सांगून थायरॉइडचा डोस नव्याने लिहिला. मग हळूच म्हणाले, "चार वेळा विचारलं होतं मी."

"हो," ती म्हणाली.

दोन महिन्यांत आवाज मोकळा झाला. ती आता खिडकीपाशी पानं तपासायला बसते. मशीन डिंकीकडे आहे.

"ताई," परवा डिंकीने हाक मारली, "रेघ तिरकीच येतेय हो. जरा बघता का?"

मशीनभोवती मालकांनी पिवळा पट्टा आखून घेतला आहे. ती उठली, पट्ट्यापाशी येऊन थांबली, दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"डावा कोपरा नखभर आत घे," ती म्हणाली. "थांब. आधी पाय उचल."