पाठीमागचेही ऐकणारा

मी एक जुना मायक्रोफोन आहे, मित्रांनो. अंगाने जाड, वजनाने भारी आणि स्वभावाने जरा मानी. माझ्या पोटात कागदाहूनही पातळ अशी धातूची पट्टी आहे. आवाजाने ती थरथरते आणि मला ऐकू येते. कारखान्यातल्या एका बाईंनी ती श्वास रोखून, चिमट्याने बसवली होती.

तरुणपणी भलेभले गायक माझ्यापुढे घसा खाकरून उभे राहत. पण मला एक खोड आहे. समोरचे जितके ऐकू येते, तितकेच पाठीमागचेही. मागे कुणी शिंकले, तरी ते गाण्यात उमटायचे. मग एकाच बाजूचे ऐकणारे सडपातळ मायक्रोफोन आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. अकरा वर्षे धूळ खाल्ली. फार वाईट वाटायचे.

एके दिवशी स्टुडिओत एक लोकगायिका आली. ती स्वतः गाणी रचायची आणि मैदानात माणसांच्या डोळ्यांत बघून गायची. या वेळी मात्र तिने सगळ्यांच्या ओठांवरच्या जुन्या गाण्यांचा अल्बम करायला घेतला होता, तो तिच्या बाबांसाठी. बाबा शिंपी. जन्मभर शिलाई मशीनवर तीच गाणी गुणगुणले. लेकीच्या गाण्यांना म्हणायचे, "छान आहेत गं, पण गुणगुणता येत नाहीत." आई गेल्यापासून मात्र त्यांचे गुणगुणणेच बंद झाले होते. ते पुन्हा ऐकायची तिला आस होती.

पण बंद खोलीत तिचे गाणे पाठ केलेल्या धड्यासारखे येई. सात वेळा गाऊन झाल्यावर ती रेकॉर्डिस्टला म्हणाली, "राहू द्या, दादा. भिंतीला काय गाणं ऐकवायचं?"

त्याने डोके खाजवले आणि कपाट उघडले. "हा म्हातारा घ्या. याच्यापासून लांब उभ्या राहिलात तरी चालेल. बाहेर थांबलेल्या बाबांना समोर बसवू." माझी खोड तो साफ विसरला होता. माझ्या पाठीमागे खुर्ची ठेवून म्हणाला, "काका, फक्त गप्प बसायचं हं."

"मी कशाला बोलतोय?" बाबा म्हणाले.

लेक त्यांच्याकडे बघून गाऊ लागली आणि तिचा आवाज मोकळा झाला. दुसऱ्या कडव्याला बाबांचे बोट गुडघ्यावर हलले. मग माझ्या पाठीमागून घोगरे, बारीक गुणगुणणे सुरू झाले. आनंदाने मी कसा फुटलो नाही, कोण जाणे. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने थांबवायला हात वर केला. तिने डोळ्यांनीच त्याला दटावले आणि ती गात राहिली.

गाणे संपल्यावर रेकॉर्डिस्ट आत आला. "काका, तुमचं गुणगुणणं आलंय त्यात."

"छे, मी तर तोंड मिटून बसलो होतो."

"तोंड मिटूनच गुणगुणतात, बाबा," लेक डोळे पुसत हसली. "दादा, ते काढायचं नाही. बाकीची गाणीही अशीच करू."

मित्रांनो, माझ्यासारख्यांना मऊ फडक्याने पुसा. फुंकर मारू नका, पट्टी तुटते. आणि घरात कुणी कामाच्या नादात गुणगुणू लागले, तर तुम्ही गुपचूप ऐका, 'छान' म्हणायला धावू नका. छान म्हटले की माणसे लाजून गप्प होतात.