आवाजासाठी सोडलेली जागा

गाण्याची ओळ सुरू होण्याआधी अण्णा जो श्वास घ्यायचा, तो मला त्याच्या आवाजाच्याही आधी आठवतो. भरल्या रांजणात तांब्या बुडवताना पाणी आत शिरतं, तसा काहीसा तो नाद होता. खोल, सावकाश, किंचित ओला. दुसरे गायक श्वास चोरून घेतात. आमच्या अण्णाला चोरी कधी जमलीच नाही. डोळे मिटून, उजव्या हाताची बोटं गळ्याच्या घाटीवर अलगद टेकवून, सगळ्या सभेला ऐकू जाईल असा तो श्वास घ्यायचा आणि मग हिवाळ्यातल्या सकाळच्या उन्हासारखा त्याचा आवाज हळूहळू सगळीकडे पसरायचा. शाळेतली पोरं त्याच्या पाठीमागे त्या श्वासाची नक्कल करायची. खरं सांगायचं तर घरी मीही करायची.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, दिगंबर. चिटगुप्प्याच्या मराठी शाळेत तो मास्तर, मुलींच्या शाळेत मी बाई. राज्याचं नाव म्हैसूर होतं तेव्हा आम्ही नोकरीला लागलो आणि ते कर्नाटक झालं तेव्हाही त्याच खुर्च्यांवर होतो. फरक एवढाच की अण्णाच्या वर्गातली पोरं दर वर्षी कमी होत गेली. आमची दोघांची लग्नं राहून गेली ती राहूनच गेली. घरात बोलायला माणसं कमी, म्हणून असेल, संध्याकाळ झाली की अण्णा गुणगुणायला लागायचा, मी पेटी ओढायची, आणि त्या दोन सुरांतून पुढे आमचा बँड जन्माला आला. त्याचं नाव अण्णानंच ठेवलं, सांजवारा.

बँड म्हणायला आम्ही चौघंच. काँगोवर शिवराज, दालमिलच्या मालकाचा मुलगा, घरी कन्नड आणि बाजारात मराठी बोलणारा. हवाईयन गिटारवर गफूरभाई, बसस्टँडजवळ घड्याळं दुरुस्त करायचे. लोकांना ऑर्केस्ट्रा म्हटलं की सिनेमाची गाणी लागत, आणि अण्णाचा हट्ट असा की आपण आपलीच गाणी म्हणायची. मुखडा मराठीत, एक अंतरा दखनी उर्दूत, शेवटचा कन्नडमध्ये. जसं आमच्या गावात एकाच ओट्यावर बसून माणसं बोलतात तसं. असली गाणी कुणाला हवी होती? गणपतीत नाही, लग्नात तर नाहीच. मादन हिप्परग्याच्या जत्रेत तर लोकांनी आरडाओरडा करून आम्हाला खाली बसवायचं ठरवलं होतं. अण्णा हलला नाही. गोंगाट चालू असतानाच त्यानं तो लांब श्वास घेतला, भोंग्यातून तो सगळ्या माळावर ऐकू गेला, आणि काय होतंय ते बघायला लोक गप्प झाले. तेवढ्या शांततेत त्याची पहिली ओळ बसली. त्या दिवसापासून गफूरभाईंनी नियमच केला, की दर ओळीआधी तिघांनीही हात उचलायचे आणि अण्णाच्या श्वासापुरती जागा मोकळी ठेवायची. सांजवाऱ्याची ओळख म्हणाल तर ती मोकळी जागा, बाकी आम्हाला फारसं काही येत नव्हतं.

तालीम मिलच्या गोदामात चालायची. मिल बंद झाली की पत्र्याच्या फटींतून तिरपं ऊन आत यायचं आणि त्यात तुरीची पिवळी धूळ तासन्तास तरंगत राहायची. ती माझ्या पेटीच्या पट्ट्यांवर बसायची, काँगोच्या कातड्यावर बसायची, अण्णाच्या पापण्यांवरसुद्धा. गफूरभाईंच्या भावानं आखातातून टेपरेकॉर्डर आणला होता, आणि त्याबरोबर एकच चांगली कॅसेट. तिच्या एका बाजूला त्यांच्या भाचीच्या लग्नातला गोंगाट भरलेला होता आणि तो पुसायला त्यांची अम्मी तयार नव्हती. म्हणून गफूरभाईंनी त्या बाजूचा पाठीवरचा छोटा तुकडा मोडून टाकला होता. तो मोडला की त्या बाजूवर पुन्हा काही भरता येत नाही. दुसरी बाजू आमची.

त्या बाजूचं अण्णानं काय केलं, तर पाटी केली. मास्तरच तो. सगळी गाणी ओळीनं, मध्ये न थांबता म्हणायची, मग ऐकायची, कुठे चुकलं ते बोलायचं आणि त्यावरच पुन्हा भरायचं. जुनं काही ठेवायचं नाही. “ठिवलं की जीव अडकतो,” तो म्हणायचा, “आन् जीव अडकला की माणूस सुधारत न्हाई. पुसा पाटी.” आमचे तिघांचे हात वाद्यांवर, म्हणून यंत्राची बटणं दाबायचं काम त्याचंच. दोन बोटांनी आवाज भरायची दोन बटणं एकदम दाबायची, तीच बोटं गळ्यावर टेकवायची, श्वास घ्यायचा. वर्षानुवर्षं हा एकच क्रम चालला. त्या फितीवर अण्णा किती वेळा गायला आणि किती वेळा स्वतःच्याच आवाजानं स्वतःला पुसत गेला, ते सांगायला आता कुणी नाही.

आवाजात खरखर आली तेव्हा आम्ही धुळीला दोष दिला. मग काढे झाले, हळदीचं दूध झालं, बिदरचे डॉक्टर झाले. शेवटी सोलापूरला मोठ्या दवाखान्यात नेलं आणि तिथल्या डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवून मला सांगितलं, की गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, माणूस वाचला तरी बोलणार नाही. मी बाहेर आले तेव्हा अण्णा बाकावर बसून समोरच्या बाईच्या रडणाऱ्या बाळाला हलक्या आवाजात काहीतरी म्हणून दाखवत होता. बाळ थांबलं होतं. मला त्या क्षणी डॉक्टरांचा, देवाचा, त्या बाळाचासुद्धा राग आला.

ऑपरेशनच्या आधी आम्ही चिटगुप्प्याला परतलो ते एकाच कामासाठी. गोदामात त्या संध्याकाळी अण्णा जसा गायला तसा तो कधीच गायला नव्हता. खरखर होती, पण तिच्यातूनही सूर असा सरळ येत होता की शिवराजनं शेवटच्या गाण्यात मान खाली घातली ती वर केलीच नाही. टेप थांबल्यावर मी म्हटलं, “अण्णा, आता हे पुसायचं न्हाई.” तो हसला. “व्हय, न्हाई पुसत,” म्हणाला. बिदरच्या एका दुकानात कॅसेटवरून कॅसेट करून मिळायची. सोलापूरहून परत आलो की नक्कल करून घ्यायची, असं ठरलं. कॅसेट मात्र यंत्रातच राहिली. बाहेर काढली तर इकडेतिकडे होईल, आतच जपून राहील, असं गफूरभाईंना वाटलं. आम्हा सगळ्यांनाच वाटलं.

परत आला तो अण्णा गळ्यावर मफलर गुंडाळलेला, खांदे उतरलेला. मफलरखाली गळ्याला भोक होतं आणि श्वास आता तिथून यायचा. बोलण्यासाठी त्यानं शाळेतली पाटी जवळ घेतली. लिहायचं, दाखवायचं, तळव्यानं पुसायचं. आल्यावर चारच दिवसांत त्यानं लिहिलं, ‘मिलवर जाऊ.’ मी नको म्हटलं. त्यानं पाटी पुसून पुन्हा तेच लिहिलं.

शिवराज त्याला बघून आधी बाहेर जाऊन आला, मग काँगो पुढे ओढून म्हणाला, “अण्णा, तुमची जागा मोकळी सोडतो आम्ही. तुम्ही मनात म्हणा.” अण्णा नेहमीच्या जागी, यंत्राशेजारी बसला. आम्ही सूर जुळवले. मी त्याच्याकडे बघत होते, कारण सुरुवातीची मान तोच हलवायचा. त्याचा उजवा हात पुढे झाला, दोन बोटांनी दोन बटणं दाबली, आणि तीच बोटं मफलरवर जाऊन टेकली. मी ते पाहिलं. पण इतकी वर्षं तेच पाहत आले होते, की त्यात काही वेगळं घडतंय हे माझ्या डोळ्यांना कळलंच नाही. त्याच्या बोटांनाही नाही. आम्ही सगळी गाणी वाजवली, मध्ये न थांबता, दर ओळीला हात उचलून.

सवयीनं त्यानंच फीत मागे फिरवली आणि लावली. पेटी आली, गिटार आली. मग आवाजाची जागा आली आणि तिथे नुसता ठेका वाजत राहिला.

गफूरभाईंनी यंत्र बंद केलं. झाकण उघडून कॅसेट हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली. “अक्का,” ते म्हणाले, “वोच है. दुसरी कां से आती?”

अण्णाला कळायला थोडा वेळ लागला. मग तो स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिला. मांडीवर दुसऱ्याच कुणाचा तरी हात आणून ठेवावा तसा तो हात पडला होता. त्याचं तोंड उघडलं, खांदे हलले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण गोदामात काही ऐकू आलं नाही. आवाज नसलेलं रडणं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्याला जवळ घ्यावं असं फार वाटलं, आणि माझा हात पेटीवरून उचलला गेला नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं खूण केली, लावा. गफूरभाईंनी लावलं. यंत्राजवळ कान नेऊन, डोळे मिटून त्यानं ते शेवटपर्यंत ऐकलं. मग पाटी घेतली. ‘तिसऱ्या गाण्यात लय पळाली.’ शिवराज हसला आणि हसता हसता हमसून रडायला लागला. तशातच त्यानं विचारलं, “मग पुसू का अण्णा? परत घ्यायचं?”

अण्णानं पाटी पुसली आणि लिहिलं, ‘राहू द्या.’ त्या सबंध संध्याकाळी ते दोन शब्द त्यानं पुसले नाहीत. पाटी तशीच काखेत धरून तो घरी चालत आला.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णा गेला. सांजवारा त्यानंतर एकदाही बसला नाही. शिवराजनं काँगो कुणाला तरी देऊन टाकले आणि मिल सांभाळली; गफूरभाईंनी यंत्र आणि कॅसेट माझ्या घरी आणून ठेवली आणि अम्मीची बाजू सांभाळा एवढंच म्हणाले. ती बाजू सुखरूप आहे. कुणाच्या तरी भाचीच्या लग्नातली भांडी, हाका, पोरांची रडारड, सगळं स्पष्ट ऐकू येतं. आमची बाजू मी कितीतरी वर्षं लावलीच नाही. जिथे तो नाही ते ऐकून काय करायचं?

एका दुपारी, निवृत्त झाल्यावर, लावली. दारं बंद होती, घरात काही हलत नव्हतं. पेटी आली, गिटार आली, आणि ओळीच्या आधी आमचे तिघांचे हात उचलले गेले त्या मोकळ्या जागेत मला श्वास ऐकू आला. गळ्याच्या भोकातून आलेला, शिट्टीसारखा पातळ, चिरका. पण यंत्राच्या अगदी जवळचा, आणि अगदी वेळेवर. पुढच्या ओळीआधी पुन्हा. दखनी अंतऱ्याआधी लांब, कन्नड अंतऱ्याआधी त्याहून लांब, जसा तो नेहमी घ्यायचा. सगळी गाणी, सगळ्या ओळी. मिलच्या गोदामात आम्हाला कुणाला हे ऐकू आलं नव्हतं. त्याला आलं असणार.

काळानं त्याचा आवाज माझ्याजवळ ठेवला नाही. आवाजाआधीचा तो क्षण तेवढा न्यायचा विसरला, आणि मी अजूनही दर श्वासाला, आता अण्णा गाईल म्हणून, पेटीचा भाता धरून थांबते.