साडेसहा पेंढ्या

गाड्यात सात नारळ होते, पाच लिंबं, दोन डझन हिरव्या बांगड्या, एक खण, पितळी ताटलीत दहीभात आणि मधोमध शेंदूर माखलेली मरीआई. देवीच्या मागं कडब्याच्या साडेसहा पेंढ्या. अर्जुनराव पोलीस पाटलांनी मोजणी दोनदा केली, वहीत लिहिली आणि मान वर करून विचारलं, "ही अर्धी कशी?"

कुशाबाई माणसांच्या मागं सरकली.

सकाळी जनावरं घेऊन कुरुळीच्या शिवेवर पहिली पोचली होती तीच. ती गाडा बघतेय, तोवर चांदी गाईनं एक पेंढी ओढली होती. ढवळ्या-पवळ्या बैलांनी आणि म्हशीनंही तिच्यात तोंड घातलं. कुशाबाईनं काठीनं हाणून त्यांना मागं सारलं आणि तशीच शेताकडं नेली. ही चार जनावरं म्हणजे तिचं सगळं घर होतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती.

गाडा वरच्या गावानं लोटला होता, हे सांगायला कुणी लागलं नाही. तिथं आठ दिवसांपासून बुळकांडी होती. गुरांना ताप येई, तोंड आतून सोलून निघे, हगवण लागे आणि आठवड्यात दावणी रिकाम्या होत. अशा वेळी देवीची पूजा करायची, आजारी गोठ्यातला कडबा तिच्यासोबत गाड्यात ठेवायचा आणि गाडा पुढच्या गावाच्या शिवेत लोटून द्यायचा, अशी या भागातली जुनी रीत. पुढचं गावही तेच करी.

"चला, हात लावा," अर्जुनराव म्हणाले. "ऊन चढायच्या आत चिंबळीच्या शिवेत घालू."

"पाटील, थांबा!" चाकणच्या जनावरांच्या दवाखान्यातला मुरारी सायकलवरून उतरता उतरता ओरडला. वरच्या गावातूनच तो येत होता. "गाडा इथनं हलवू नका."

"आन काय करू? देवीला घरात घेऊ?"

"देवीला कडुलिंबाखाली बसवा, ओटी भरा. पण तो कडबा आजारी बैलांच्या पुढ्यातला हाय. त्याला त्यांची लाळ लागलीय. देवीनं न्हाई, त्या कडब्यानं रोग पुढं जाईल. इथंच जाळून पुरा."

"म्हंजे त्यांनी आमच्यावर घातला, आन आमी गप बसायचं?"

"गप कशाला? त्यांच्या नावानं कळवा की तालुक्याला. पण पुढं लोटलात तर तुमचंबी नाव त्याच कागदावर चढंल." मग तो गाड्यात वाकला. "कोणत्या जनावरानं तोंड लावलंय? खरं सांगा. लपवलं तर अख्खं गाव बसंल."

खरं बोललं तर आपली चारही जनावरं गावाबाहेर हाकलतील, एवढंच कुशाबाईला दिसत होतं. पण चिंबळीला तिची धाकटी लेक दिली होती. तिच्या दावणीला दोन खोंड होते. गाडा पुढं गेला, तर तिथली अर्धी पेंढी ते ओढतील; आणि तिनं लपवलं, तर रोग गाड्याविनाही तिथं पोचेल.

"माझ्या चांदीनं," ती म्हणाली. "आन बाकीच्या तिघांनीबी."

"कुशाबाई!" अर्जुनरावांचा आवाज चढला. "मी मोजत हुतो तवा तोंडात काय मिठाची गुळणी धरली हुती?"

"भ्याले पाटील. तुमाला भ्याले, आन रोगालाबी."

मुरारीनं कुणाला बोलू दिलं नाही. कामं तिथंच उभ्याउभ्या वाटली गेली. कडबा जाळून पुरायचा, देवी कडुलिंबाखाली बसवायची. कुशाबाईची चार जनावरं ओढ्यापलीकडं तिच्या शेतात बांधायची, पाणी वेगळं, दूध बाहेर न्यायचं नाही. अर्जुनरावांनी चाकणच्या बाजाराला गावचा एक खूर जाऊ द्यायचा नाही आणि आजूबाजूच्या गावांना सांगावा धाडायचा. पिंपरीला दूध नेणाऱ्या लॉरीनं परतताना तिथल्या पेन्सिलीनच्या कारखान्यातून बर्फ आणायचा, कारण बर्फाशिवाय लस टिकत नाही.

बर्फ दुसऱ्या दिवशी भुश्यात गुंडाळून आला. मुरारीनं गावातली दोनशे अकरा जनावरं टोचली.

"माझी चार?" कुशाबाईनं विचारलं.

"त्यांना न्हाई, मावशी. लशीनं थोडा ताप येतोच. मग लशीचा कोणता आन रोगाचा कोणता, कळायचं कसं? तुमी पंधरा दिवस रोज दोनदा ताप बघायचा, चढला न्हाई तर जनावरं घरी आणायची." त्यानं काचेची नळी तिच्या हातात दिली आणि ती कुठं लावायची ते चांदीवर दाखवलं.

"अगं बया! ताप बघायला हीच जागा सापडली व्हय?"

"तोंडात द्या की. काच चावून खाईल."

कुशाबाईला आकडे वाचता येत नव्हते. मुरारीनं एकशे तीनवर तांबड्या रंगाची रेघ ओढली; पारा तिच्या वर गेला की ताप. एक बारीक घर म्हणजे दोन दशांश, पारा तांबड्या रेघेच्या खाली किती घरं आहे ते मोजायचं, आणि प्रत्येक वेळी आधी नळी झटकायची. ओढ्याच्या अलीकडून अर्जुनराव ऐकणार आणि हिशेब करून वहीत लिहिणार.

पाच दिवस सुरळीत गेले. सहाव्या संध्याकाळी तिनं म्हशीला नळी लावली, काढली आणि ती ओढ्याकडं धावली.

"पाटील! रेघेच्या वर! पाच घरं वर!"

अर्जुनराव काठावर उठून उभे राहिले. "चारा खाती का?"

"खाती की."

"डोळं?"

"तसंच, नेहमीचंच."

"नळी ठेवली हुती कुठं?"

"छपराच्या कौलावर."

"फाल्गुनाच्या उनात! आन झटकली का?"

कुशाबाईनं नळीकडं पाहिलं, मग म्हशीकडं. म्हैस निवांत रवंथ करत होती. तिनं नळी मुरारीनं दाखवली तशी जोरात झटकली, पुन्हा लावली, मनात शंभर मोजले.

"खाली," ती म्हणाली. "सहा घरं खाली."

"कुशाबाई, म्हशीला न्हाई, कौलाला ताप आला हुता," अर्जुनराव ओरडले आणि दोघंही ओढ्याच्या दोन काठांवर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

त्यानंतर तिला झोप लागू लागली. नववा दिवस गेला, तसं मुरारी म्हणाला की बहुतेक वेळा इतक्यात ताप दिसतोच. चिंबळीहून धाकटीचा निरोप आला, खोंड ठीक आहेत. कुशाबाई मात्र नळी आता पदरात गुंडाळून सावलीत ठेवी आणि एकाऐवजी तीनदा झटके.

पंधराव्या संध्याकाळी मुरारी अर्जुनरावांच्या शेजारी वही धरून बसला. ओढ्यापलीकडून कुशाबाईनं एकेक जनावर सांगितलं. म्हैस सहा घरं खाली, ढवळ्या नऊ, पवळ्या सात. चांदी शेवटी. तिनं नळी उजेडाकडं धरून दोनदा मोजलं आणि सांगितलं, "आठ."

मुरारीनं लिहिलं : म्हैस १०१.८, ढवळ्या १०१.२, पवळ्या १०१.६, चांदी १०१.४.