पासांगचे हातमोजे

"दीदी, हाथ ठंडा है," पासांग पुन्हा म्हणाला.

नर्स सुरैयाने त्याचा पंजा आपल्या दोन्ही हातांत घेतला. चांगला उबदार होता. हॉस्पिटलच्या खिडकीबाहेर कुवेतमधल्या फरवानियाचा रस्ता एकोणपन्नास अंशांच्या उन्हात भाजत होता. तीन आठवड्यांपूर्वी हा नेपाळी मजूर परांचीवरून पडला आणि त्याची मान मोडली. मानेखाली काही हलत नव्हतं, हाताला स्पर्शही कळत नव्हता. कळत होती ती फक्त थंडी. डॉक्टरांनी नसांचं कारण सांगून गोळ्या वाढवल्या होत्या.

आज कामगार वस्तीतल्या त्याच्या खोलीतल्या सोबत्यांनी त्याची बॅग आणून दिली. तळाशी मेंढीच्या जाड लोकरीचे हातमोजे निघाले. अंगठा तेवढा निराळा, चार बोटं एकत्र. निघताना आईने विणून दिलेले. कुवेत कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं. परक्या मुलखात थंडी असणारच, असं तिने धरलं होतं.

"पहना दो, दीदी."

सुरैया इन्चार्ज रेखाताईंकडे गेली. "ताई, एकाच हातात घालते. सलाईन दुसऱ्या हाताला आहे."

"अगं, इन्फेक्शन झालं तर? आणि त्याला कळणार आहे का काही?"

"नाही कळणार. पण मागतोय हो तो."

रेखाताईंनी घड्याळ पाहिलं. "राउंडच्या आधी काढ."

लहान मुलाला घालावा तसा तिने एकेक बोट सरळ करत मोजा चढवला. पासांग डोळे मिटून वाट पाहत राहिला.

"अब?"

"अभी भी ठंडा."

अठरा वर्षांच्या नोकरीत प्रत्येक तक्रारीवर तिच्याकडे काहीतरी असायचं. गोळी, पांघरूण, निदान एखादा शब्द. आता ती नुसती लोकरीवरून हात चोळत बसली.

उशाशी ठेवलेला त्याचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता.

"माँ है. उसको मालूम नहीं."

सुरैयाने चादर हनुवटीपर्यंत ओढून गळ्याचा पट्टा झाकला आणि फोन समोर धरला. सुरकुतलेला चेहरा हसत काही विचारू लागला. पासांगने सुरैयाकडे पाहिलं.

"पूछती है, हाथमोजा ठीक आया? दिखाने को बोलती है."

ती पलंगाआड खाली बसली. एका हाताने फोन तसाच धरून दुसऱ्याने त्याचा मोज्यातला हात मनगटाखालून वर उचलला. म्हातारी खूश झाली. आणखी काही विचारलं.

"हो आमा," तो म्हणाला, "धेरै जाडो छ."

जाडो म्हणजे थंडी, एवढं सुरैयाला उमगलं. म्हातारी गावाकडचं सांगत सुटली. त्याचा हात बराच जड होता. सुरैयाने आपलं कोपर गादीला टेकवलं आणि तो हात आईला दिसेल असा थोडासा हलवला.