गाडीची बॅटरी आणि आप्पांचा जप

आमच्या गाडीची बॅटरी बसली आणि त्यामुळे घोडा चालेनासा झाला. हे वाक्य मी निम्म्या ठाण्याला ऐकवलं असेल. ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग घरी सगळं बरं आहे ना, असं विचारतो. म्हणून मुळापासून सांगतो.

माझे वडील, म्हणजे आप्पा, इथल्या कोर्टात वकील. सकाळचा जप घरी पुरा होत नाही, म्हणून उरलेला ते गाडीत करतात. जप चालू असताना बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. पण न बोलता कोचमनला थांब, चल सांगणार कसं? त्यावर त्यांनी मुंबईहून विजेची घंटा आणवली. आत गादीशेजारी बटण, बाहेर कोचमनच्या बैठकीखाली घंटा, आणि पायाशी लाकडी पेटीत बॅटरी. बॅटरी म्हणजे काचेची बरणी, तीत नवसागराचं पाणी, एक जस्ताची कांडी आणि एक मातीचं भांडं. एकदा वाजली की चल, दोनदा वाजली की थांब.

कोचमन राघो मूळचा कोपर गावचा, आधी मिठागरावर होता. घंटा वाजली की तो लगाम हलवायचा आणि घोडा निघायचा. हळूहळू घोड्याच्या लक्षात आलं की हुकूम घंटेचा आहे, राघो नुसता मध्ये बसलेला आहे. त्याने राघोला वगळलं.

आणि ऐन थंडीत घंटा मंदावली. आप्पांनी बटण दाबलं की कोणीतरी लांबून सुपारी कातरल्यासारखा आवाज यायचा. घोडा कान टवकारायचा, मागे वळून बघायचा आणि उभाच राहायचा.

"आनंदभाऊ, मना त्यो इचारीतच नाय," राघो म्हणाला. "चाबूक दावला, त चाबूकच चघलाय लागला."

आप्पांनी मला बोलावलं. "मॅट्रिकला सायन्सच्या पेपरात पास झालास ना?"

"झालो."

"मग बॅटरी नीट कर. गाडी चालू झाली की मुंबईला कॉलेजात जा. तोवर नाही."

टर्म सोमवारी सुरू होत होती. ट्रंक भरून दाराशी ठेवलेली होती. पेपरात मला बेडकाच्या हृदयावर प्रश्न आला होता, हे मी बोललो नाही.

मी तारांची टोकं घासली. कल्हईवाल्याकडून नवसागर आणून बरणीत घातला. संध्याकाळी घंटा अशी खणखणली की शेजारच्या गोपीनाथरावांनी दार उघडून कोण आलंय ते पाहिलं. सकाळी पुन्हा सुपारी. पुन्हा नवसागर, संध्याकाळी खणखणाट, सकाळी सुपारी. कल्हईवाला विचारायला लागला, घरात एवढी भांडी आहेत तरी किती.

लोकांनी मदतही केली. आधी सगळ्यांनी मिळून गाडी मागून ढकलली. गाडी घोड्याला टेकली आणि घोडा तिला टेकून उभा राहिला. मग देवघरातली घंटा आणून वाजवली. घोड्याने डोळे मिटले. शेवटी गोपीनाथरावांनी आपला घोडा पुढे जोडून आमचा ओढत नेला. त्यांच्या घोड्याने हा सगळा प्रकार नीट पाहून घेतला. दुसऱ्या दिवशी तोही घंटेशिवाय हलेना. गोपीनाथराव आमच्याशी बोलायचे बंद झाले.

"नवीच घेऊ," आप्पा म्हणाले, आणि मला कल्याणला गुरुदत्तकाकांकडे घेऊन गेले. काका तारऑफिसातून निवृत्त झालेले. त्यांनी पडवीत मोरचुदाच्या निळ्या पाण्याची मडकी मांडून दाखवली, ओळीने, पार न्हाणीघरापर्यंत.

"ही बॅटरी. हिच्यावर पुण्यापर्यंत तार जाईल."

"काका, आम्हाला कोर्टापर्यंतच जायचंय."

"मग निम्मी मडकी ने."

"गाडीत कशी मावतील?"

"मागे दुसरी गाडी जोडायची."

"तिचा घोडा कसा चालणार?"

काका विचार करायला लागले. "तिला वेगळी बॅटरी लागेल," ते गंभीरपणे म्हणाले. आप्पांनी मान डोलावली, तेव्हा मी त्यांना उठवलं.

मुंबईच्या एका दुकानाच्या जाहिरातीत सुकी बॅटरी होती. पाणी नाही, बरणी नाही, मुठीत मावेल एवढी.

"सुकी?" आप्पा म्हणाले. "मग वीज राहते कशात?"

मला माहीत नव्हतं. विषय तिथेच संपला.

शुक्रवारी आप्पा गाडीत बसून जप करत होते, बटण दाबत होते, घोडा उभा होता, आणि कोर्टाची वेळ होत आली होती. मी राघोशेजारी बसून वैतागलो होतो. वैतागाच्या भरात तोंडानेच "ट्र्रिंग" केलं.

गाडी निघाली.

कोर्टापाशी आप्पा उतरले ते प्रसन्न चेहऱ्याने. "उत्तम. आता नवी घ्यायला नको. पाणी नको, नवसागर नको."

"आणि माझं कॉलेज?"

"अरे, बॅटरी कुठे कॉलेजात जाते?"

राघो पाठ फिरवून हसला. घोड्याने मला मान दिला, तेवढाच.

शनिवारी मला पहाटेच उठवलं, कारण बॅटरी वेळेवर जागेवर पाहिजे. एरवी मी इतक्या लवकर उठत नाही. अंगणात आलो तर आई पेटीतली बरणी काढून अळवात उपडी करत होती.

"आई, काय करतेस?"

"मार्गशीर्ष लागल्यापासून रोजचंच. रात्रीचं शिळं पाणी ओतून देते आणि विहिरीचं ताजं भरते. गाडीत जप होतो ना? शिळ्या पाण्याशेजारी चालत नाही. इकडूनच सांगणं झालंय," ती आप्पांच्या खोलीकडे बघत म्हणाली.

"त्यात नवसागर असतो."

"म्हणून तर आधी चिंच लावून विसळते."

मी आप्पांकडे गेलो. ते गाडीत बसून जप करत होते, त्यामुळे निदान पूर्ण ऐकून तरी घेणार होते. "आप्पा, पाणी रोज बदललं तर बॅटरी मरणार. नाही बदललं तर तुमचा जप बाटणार. सुक्या बॅटरीत पाणीच नाही. जे नाही ते शिळं कसं होईल?"

आप्पांनी डोळे मिटले. मुद्दा कायद्याचा होता. जप संपल्यावर ते म्हणाले, "दुपारच्या आगगाडीने मुंबईला जा. घेऊन ये."

मी ट्रंक उचलली.

"बॅटरीला ट्रंक कशाला?"

"प्रवासात थंडी लागू नये म्हणून," मी म्हणालो. त्यांना ते पटलं.

मुंबईत सुकी बॅटरी घेतली आणि पार्सलाने ठाण्याला पाठवली. तारा कशा जोडायच्या ते कागदावर चित्र काढून सोबत दिलं. सोमवारी सकाळी कॉलेजात जाऊन मागच्या बाकावर बसलो. प्रोफेसर काय म्हणत होते ते कळलं नाही, पण ते मला उद्देशून नव्हतं, याचंच फार बरं वाटलं.

मंगळवारी खोलीवर आप्पांची तार आली. "घंटा उत्तम वाजते. घोडा हलत नाही. त्याला तुझाच आवाज लागतो. ताबडतोब ये."

तारऑफिसात मडक्यांतलं पाणी कोणी रोज बदलत नसावं. तार अगदी वेळेवर आली होती.

ट्रंक मी अजून उघडलेली नव्हती. तेवढाच त्रास वाचला.